तीन बोटं कोरी जागा

हळदीकुंकवाचं ओलं बोट नव्या पत्रिकेच्या कोपऱ्याला टेकवलं की कागदाला एक वेगळाच वास येतो. काल सकाळी लेकीच्या लग्नाच्या पत्रिका टेबलावर पसरून मी त्यांचे कोपरे रंगवत बसले होते, आणि त्या वासानं मला उचलून थेट माझ्या लग्नाच्या गडबडीत, शनिवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत नेऊन बसवलं. पत्रिका तरी किती, जेमतेम चाळीस. बाकी जगाला लेकीनं केव्हाच मोबाइलवर कळवून टाकलं आहे. त्यात सनई वाजते, फुलं पडतात, कार्यालयाचा नकाशासुद्धा उघडतो. या चाळीस मात्र घरातल्या थोरामोठ्यांसाठी. प्रत्येकीच्या तळाशी तीन बोटं जागा कोरी आहे. "आजीसारखी मुद्दाम ठेवली आहे," लेक म्हणाली. "आता तू लिही."

तिची आजी म्हणजे माझी आई. शाळेत गणित शिकवायची आणि घरीही उत्तर एका ओळीत द्यायची. माझी पत्रिका छापायला बुधवार पेठेत गेलो, तेव्हा छापखान्याचे मालक तिला समजावत होते, "अहो बाई, तिथे लोक 'आहेर आणू नये' छापतात." आई म्हणाली, "ते मी तोंडानं सांगेन. तुम्ही जागा कोरी ठेवा." पहिली पत्रिका गणपतीपुढे ठेवून आली आणि उरलेल्यांवर शाईच्या पेनानं ज्याला त्याला वेगळी ओळ लिहायला बसली. कायम उशिरा येणाऱ्या शेजाऱ्यांना लिहिलं, 'मुहूर्त आमच्या घड्याळाप्रमाणे आहे.' तिच्या शाळेतल्या खवय्या सरांना, 'आपणांस आग्रह करणार नाही. लागत नाही.' नवरा नुकताच गेलेल्या एका मैत्रिणीला मात्र लिहिलं, 'सगळ्यांत पुढे, माझ्या शेजारी बसायचं आहे.' लोक त्या ओळी एकमेकांना वाचून दाखवायचे. कुणाला जास्त टोचून लिहिलंय, यावर पैजा लागायच्या.

एकच पत्रिका आठवडाभर तशीच राहिली. मावशीची. आईची ही पाठची बहीण. मला सायकल शिकवली तिनं, पहिली साडी नेसवली तिनं. तिनं धायरीला घर बांधलं, तेव्हा तिथे चहूकडे शेतं होती. वास्तुशांतीला भर पंगतीत आई म्हणाली, "इथवर यायचं म्हणजे शिदोरीच बांधून आणायला हवी!" सगळे हसले. मावशी हसली नाही. पै-पै जमवून बांधलेल्या घराची ती थट्टा तिच्या जिव्हारी लागली, आणि दोघींचं बोलणं जे थांबलं ते चार वर्षं. चूक आपली, हे आईला पहिल्या दिवसापासून कळत होतं. पण माफी मागणं तिला कधी जमलंच नव्हतं. नुसती छापील पत्रिका गेली तर मावशी येणार नाही, हे आम्ही दोघी जाणून होतो. मावशीशिवाय बोहल्यावर उभं राहायचं या कल्पनेनं मला रडू यायचं. गावभर ओळी वाटणाऱ्या माझ्या आईला सख्ख्या बहिणीसाठी ओळ सुचत नव्हती.

एका रविवारी ती पहाटे उठली. दशम्या केल्या, लसणीची चटणी कुटली, सगळं डब्यात भरून डबा धुतलेल्या फडक्यात बांधला आणि मला म्हणाली, "चल." बसमध्ये तो डबा मांडीवर घट्ट धरून बसली होती. मावशीनं दार उघडलं. आईनं पत्रिका तिच्या हातात दिली. तळाशी लिहिलं होतं, 'शिदोरी बांधून आणली आहे. चुकले. घरात घे.'

मावशीनं ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, "अक्षर किती बिघडलंय गं तुझं!" आणि आईच्या हातून डबा घेतला. पुढचा तासभर दोघी स्वयंपाकघरात रडत होत्या, हसत होत्या आणि दशम्या खात होत्या. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. पण इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नसेल.

आई जाऊन आता सहा वर्षं झाली. काल दुपारी मी पहिली ओळ लिहून धायरीला गेले. शेतं कुठली आता, उंच इमारतींत मावशीचं घर शोधावं लागतं. मी लिहिलं होतं, 'आईच्या जागी तू. चार दिवस आधी ये.' मावशीनं चष्मा लावून वाचलं, आणि उठून कपाटातून माझ्या लग्नाची पत्रिका काढली. कागद मऊ पडला होता, छापलेली नावं फिकी झाली होती. पण कोपऱ्यात आईचं हळदीचं पिवळं बोट तसंच होतं. मी त्यावर माझं बोट ठेवून पाहिलं. अगदी तेवढंच भरलं.

"चार दिवस कसले, मी आठ दिवस आधी येणार," मावशी डोळे पुसत म्हणाली. "आणि दशम्या मी आणणार आहे. तुमच्याकडच्या कुणाला जमत नाहीत."