पालीची शेपटी आणि तात्यांचं पोट

आमच्या तात्यांचं अर्धं पोट डॉक्टरांनी कापून काढलं होतं आणि ते पुन्हा उगवलं, असं शास्त्रीय मत मी दिलं होतं.

तात्या म्हणजे माझे चुलते. वडील मी लहान असतानाच गेले. तात्या-काकूंनीच मला वाढवलं आणि नगरच्या कॉलेजात सायन्सला घातलं. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे राहुरीजवळच्या आमच्या वस्तीवर कुणाची म्हैस आटली तरी लोक मलाच विचारायचे. (मला म्हशीतलं काही कळत नव्हतं. पण तसं सांगायचं धाडसही नव्हतं.)

तात्या मूळचे नव्वद किलोचे. बैलगाडीत मागं बसले की पुढचं जू वर उचललं जायचं, म्हणून त्यांना कायम पुढं बसवत. मग पोटात अल्सर निघाला. नगरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून अर्धं जठर काढून टाकलं आणि तात्या सहा महिन्यांत बासष्ट किलोवर आले! काकूनं सगळे सदरे उसवून लहान केले. तात्या गाडीत उडी मारून चढायला लागले. लग्नात एका व्याह्यानं तर त्यांनाच विचारलं, "तात्या दिसंनात कुठं?"

पण दोन वर्षं झाली आणि सदऱ्याची बटणं पुन्हा तटातटा तुटायला लागली.

"आरं किसन," तात्या एकदा मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "आरधं पोट त्या डाक्टरनं बादलीत टाकल्यालं तुझ्या काकूनं डोळ्यानं बघितलंय. मग ह्ये काय आलंय पुन्यांदा?"

त्याच आठवड्यात आम्हाला वर्गात पालीची तुटलेली शेपटी पुन्हा कशी येते ते शिकवलं होतं. मी म्हणालो, "तात्या, तसं नक्की सांगता येणार नाही. पण पालीची शेपटी उगवते..."

"मंजी?"

"म्हणजे... पोटही उगवलं असेल."

बस्स! दुपारपर्यंत वस्तीभर झालं, 'तात्याचं पोट उगवलं!' माणसं बघायला यायला लागली. काकू हबकली. "आवो, मग पुन्यांदा कापावं लागंल की!"

तात्यांचा चेहरा उतरला. बैल उधळला तरी न घाबरणारा हा माणूस, पण ऑपरेशनच्या टेबलाचं नाव काढलं की त्यांना घाम फुटायचा. ते इतकंच म्हणाले, "किसन सांगंल तसं करू."

किसन काय सांगणार? किसन म्हणाला, आधी वजन करू. घाईनं ऑपरेशन करणं शास्त्रीय नाही.

आता वस्तीवर माणूस तोलायचा काटा कुठून आणायचा? मला कल्पना सुचली. साखर कारखान्याचा हंगाम चालू होता. तिथं उसाची गाडी आधी भरलेली तोलतात, ऊस उतरवून पुन्हा रिकामी तोलतात. फरक निघतो तो ऊस. मग उसाच्या जागी तात्या का नकोत?

आम्ही गाडी जुंपली. काट्यावरचा कारकून ओळखीचा होता. त्यानं खिडकीतून डोकं काढलं. "तात्या, ऊस कुठाय?"

"ऊस न्हाई बाबा. आज म्याच आलोय."

गाडी काट्यावर चढली. तात्या पुढं, त्यांना धीर द्यायला मी मागं, हातात वही. कारकुनानं आकडा मांडला. मग मी खाली उडी मारली, तात्यांना हात देऊन उतरवलं आणि आकडा चुकू नये म्हणून पळत खिडकीशी गेलो. रिकाम्या गाडीचं वजन झालं. कारकुनानं वजाबाकी केली, पुन्हा केली आणि पावती माझ्या हातात ठेवली. मालाचं नाव : तात्या. निव्वळ वजन : एकशे तीस किलो.

"एकशे तीस!" तात्या मटकन तिथंच खाली बसले. "आरं, ऑपरेशनच्या आधी तरी नव्वद हुतो!"

"काटा गंडलाय का?" मी भीत भीत विचारलं.

"सकाळधरनं दीडशे गाड्या तोलल्यात," कारकून फुरंगटून म्हणाला. "एकाची तक्रार न्हाई."

मी (शास्त्रीय) निष्कर्ष काढला, की या वेळी अर्ध्याच्या जागी दीड पोट उगवलं असावं. तो मोठ्यानं सांगितला, ही माझी चूक.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं नगरला निघालो. तात्यांनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. निघताना त्यांनी दोन्ही बैलांच्या कपाळावरून हात फिरवला, मग माझ्याकडं वळले. "किसन, माझं काय बरंवाईट झालं तरी कॉलेज सोडू नगंस. तू हुतास म्हनून निदान कळलं तरी." काकूनं पदर डोळ्यांना लावला. एस.टी.त मी एकच विचार करत होतो : पाल शिकवली त्या दिवशी मी गैरहजर का नव्हतो?

डॉक्टरांनी पावती वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. "मालाचं नाव तात्या?"

"हो सर."

त्यांनी तात्यांना कोपऱ्यातल्या काट्यावर उभं केलं. शहात्तर किलो! तात्यांनी डोळे घट्ट मिटले होते. "किती भरलं ते सांगू नगा सायेब. कापायचं तेवडं कापा."

"थांबा हो. इथं शहात्तर, पावतीवर एकशे तीस. मधले चोपन्न किलो कुठे गेले?" डॉक्टर माझ्याकडं बघत राहिले. "तू जरा चढ काट्यावर."

मी चढलो. चोपन्न.

"गाडी पहिल्यांदा तोलली तेव्हा तू कुठे होतास?"

"गाडीत, सर."

"आणि दुसऱ्यांदा?"

मी काट्यावर नुसता उभा राहिलो. कॉलेजात तोंडी परीक्षेला मी असाच उभा राहतो.

"पोट काही उगवत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण चौदा किलो वाढलेत, ते खरे. जेवता कसं?"

"तुमी सांगितल्यालं तसंच," काकू ठामपणे म्हणाली. "थोडं थोडं, दिसातनं सहा बारीला. येकदा सुदिक चुकवलं न्हाई."

"उत्तम. आणि?"

"आन मग दोन टायमाचं जेवान."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो बाई, ती दोन जेवणं बंद करून सहा वेळा द्यायचं होतं!"

"आसं व्हय?" काकू म्हणाली. "आमाला वाटलं, सहा बारीचं ते औशिद."

"मग कापायचं न्हाई?" तात्यांनी एक डोळा उघडला.

"काही कापायचं नाही. दोन जेवणं तेवढी कापा."

तात्यांनी दुसरा डोळा उघडला आणि असा श्वास सोडला, की सदऱ्याचं उरलेलं बटणही गेलं. मला रडू आलं आणि हसूही. तात्या रागावतील म्हणून मी मान खाली घालून उभा होतो. त्यांनी माझ्या पाठीवर असा धपाटा घातला, की मी काट्यावरून थेट खाली आलो.

परतीच्या एस.टी.त काकू एकदम हसायला लागली. "आवो, चोपन्न किलोचं पोरगं तुमच्या पोटातनं निगालं, आन टाका न्हाई का कळ न्हाई! आसलं सुखाचं बाळंतपन कुनाला घडतं?"

सगळी एस.टी. हसली. कंडक्टरनं पेढे मागितले.

त्या वर्षी परीक्षेत पालीच्या शेपटीवर दहा मार्कांचा प्रश्न आला होता. उत्तर मला तोंडपाठ होतं. मी सोडून दिला.