मनकवड्या काकूंचा काउंटर

नळ गळायला लागला की त्या गल्लीतली माणसं आधी नळाला शिव्या घालत आणि मग काकूंच्या दुकानात येत. खिळे, कड्या, बिजागऱ्या, पाइप, सगळा लोखंडी पसारा. गिऱ्हाईक पायरीवर असतानाच ‘ते आत बसतं ना, काळं, गोल...’ असं म्हणायला लागलं, की वाक्य पुरं होण्याआधी काकूंच्या हातात वॉशर. म्हणून त्यांचं नाव पडलं मनकवड्या काकू.

खरी गोष्ट वेगळीच होती. लहानपणीच्या तापात काकूंचे दोन्ही कान गेले होते आणि त्या माणसांचे ओठ वाचायच्या. हे फक्त नवऱ्याला ठाऊक. दुकानात निम्मा वाटा दिराचा, दिराचा मेहुणा रिकामटेकडा, आणि त्या मेहुण्याचा काउंटरवर डोळा. कानांचं बिंग फुटलं असतं, तर मेहुणा खुर्चीत आणि काकू स्वयंपाकघरात. काकूंना स्वयंपाकाचा मनापासून कंटाळा होता.

मग साथ आली आणि सगळ्यांच्या तोंडावर मास्क चढले. पहिल्याच दिवशी एकाने बिजागरी मागितली, त्याला नळ मिळाला. दुसऱ्याला खिळ्यांऐवजी उंदराचा पिंजरा. मेहुणा तिथेच घुटमळत होता. त्याचे डोळे हसताना काकूंना स्पष्ट दिसले.

पण नशीब बलवत्तर! मास्क कशासाठी असतो, हे लोकांच्या डोक्यात अजून शिरलंच नव्हतं. रस्त्याने एकटा चालणारा माणूस तो डोळ्यांपर्यंत ओढायचा आणि कुणाशी बोलायची वेळ आली की हनुवटीवर घ्यायचा. कुणी शिंकायला खाली घेई. एक मास्तर तर फोनवर बोलतानाही काढून खिशात ठेवत. शुद्ध मूर्खपणा, पण काकूंच्या पथ्यावर पडला. ज्याचा मास्क जागचा हलत नसे, त्याला त्या कपाळाला आठ्या घालून म्हणत, “जरा खाली घ्या हो, शब्द कळत नाही.” लोक आनंदाने घेत.

मागच्या खोलीत, पडद्याआड, नवरा किल्ल्या घासत बसायचा. जुन्या आजारात त्याचं एक फुप्फुस कामातून गेलेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, यांना ही साथ झेपायची नाही. काकू दाराची कडी दहादा पुसायच्या, नवऱ्याचा मास्क स्वतः नाकावर चिमटीने घट्ट बसवायच्या, आणि पुढे येऊन दिवसभर दुसऱ्यांचे मास्क उतरवायच्या. हे दोन्ही आपणच करत होतो, याचा त्यांना नंतर भयंकर राग आला.

राग यायला कारण झाला प्लंबर. रोजचा माणूस. त्या सकाळी त्याने मास्क अगदी नीट लावला होता. काकूंनीच तो खाली घ्यायला लावला. त्याने पाइपचं माप सांगितलं, खोकला, आणि तसाच पडदा सारून नवऱ्याशी चार गप्पा मारून गेला. थोड्याच दिवसांत कळलं, त्याला दवाखान्यात ऑक्सिजनवर ठेवलंय.

नवरा जेवत असला तरी काकू त्याच्या छातीकडे बघत. “अगं, ताप नाही मला,” तो पुन्हा पुन्हा सांगे. ताप आला नाही. पुढे प्लंबरही बरा होऊन घरी आला. पण तोवर थांबायला काकू तयार नव्हत्या.

“आता मी सगळ्यांना सांगून टाकणार,” त्या म्हणाल्या.

“आणि मेहुणा?”

“बसेना का खुर्चीत. मला तुम्ही हवे आहात.”

दुपारी दुकान बंद ठेवून दोघांनी एका मोठ्या फळीवर प्रत्येक वस्तूचा एकेक नमुना ठोकला आणि फळी काउंटरच्या मागे टांगली. दुसऱ्या दिवशी पहिल्या गिऱ्हाइकाचा हात सवयीने मास्ककडे गेला.

“हात खाली!” काकू कडाडल्या. “मास्क नाकावरच राहू दे. मी ठार बहिरी आहे. इतकी वर्षं तुमचे ओठ वाचत होते. आता तोंड उघडायचं काम नाही, फळीवर काय हवं ते दाखवा.”

रांगेत सन्नाटा पसरला असणार. काकूंना काय त्याचं! माणसाने बोट दाखवलं, बिजागरी घेतली, गेला. पुढच्याने तुटकी कडीच तळहातावर धरली. काम झपाझप होऊ लागलं.

बातमी ऐकून दीर धावत आला. मागोमाग मेहुणाही. दिराचा हात मास्ककडे गेला.

“भाऊजी, तुम्हीसुद्धा?”

दिराने पाइपवर खुणा करायचा खडू उचलला आणि काउंटरवर लिहिलं : ‘म्हणजे मी लांब उभा राहून तोंडातल्या तोंडात जे बोलायचो ते?’

“अक्षर न् अक्षर कळायचं,” काकू म्हणाल्या. “मी तुम्हाला डोईजड झालेय, तेही. आणि तुमच्या मेहुण्याला चहाची टपरीसुद्धा चालवता यायची नाही, तेही. दुसरं मला पटलं होतं.”

मेहुण्याने दिराकडे पाहिलं. दीर बाहीने घाईघाईने खडू पुसू लागला. खुर्चीचा विषय तिथेच मिटला.

पडद्याच्या फटीतून काकूंना नवरा दिसला. दोन्ही हातांनी टेबल धरून तो हसत होता, खांदे गदगदा हलत होते. काकू सगळं सोडून त्याच्याकडे बघत राहिल्या. तो मनसोक्त हसला. खोकला आला नाही.