नंबरबाईंची बदली

नंबरबाईंना संगमनेरात चेहऱ्यावरून फारसं कोणी ओळखत नसे. किराणा दुकानात त्या पिशवी घेऊन उभ्या राहिल्या, तरी दुकानदार निवांतपणे दुसऱ्याची साखर तोलत असे. पण "कपड्याचा साबण आहे का?" एवढं त्यांनी विचारलं की त्याचा हात थांबे. "फोनवाल्या बाई ना तुमी? बसा की, चहा सांगतो." बाई साबण घेत आणि न बसताच निघत.

ही सत्तर सालानंतरची गोष्ट. तेव्हा आमच्या गावात फोनला नंबर फिरवायची सोय नव्हती. हँडल फिरवलं की एक्स्चेंजमधल्या बोर्डावर त्या फोनची छोटी पत्र्याची झडप खाली पडे. मग आम्हा ऑपरेटर बायकांतली कोणीतरी "नंबर?" असं विचारी आणि दोरीचं टोक योग्य त्या भोकात खुपसून दोघांना जोडून देई. मी बाईंच्या शेजारच्या स्टुलावर बसे. त्या नगरच्या मिशनच्या शाळेत शिकलेल्या, एकट्या राहणाऱ्या, रविवारी न चुकता चर्चला जाणाऱ्या. त्यांचं खरं नाव हजेरीपटात होतं, पण गाव त्यांना नंबरबाईच म्हणे. त्यांचं "नंबर?" ऐकलं की भांडून फोन उचललेला माणूससुद्धा जरा सरळ होऊन बोले.

शब्दांच्या बाबतीत त्या कडक होत्या. मी खेड्यातून आलेली. पहिल्याच आठवड्यात एका साहेबांना "लाइन मोकळी न्हाई" असं सांगून बसले. बाई हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. चहाच्या वेळी एवढंच म्हणाल्या, "घरी बोलतेस ते गोडच आहे, तिथं बदलू नकोस. पण फोनवर माणसाला तोंड नसतं बघ. शब्दाला तरी नाकडोळे असू देत." तेव्हापासून मी दोन तऱ्हांनी बोलते. माझ्या आईला ते अजून आवडत नाही.

बाईंचं रोजचं गिऱ्हाईक म्हणजे एका विडी कारखान्याचे मुनीमजी. सकाळी कारखाना उघडला की त्यांना तंबाखूसाठी निपाणीचा ट्रंककॉल लागे.

"बाई, निपाणी लावा लौकर. लई अर्जंट हाय."

"कालही अर्जंटच होतं, मुनीमजी. तंबाखू पळून चाललाय का?"

मुनीमजी खूश होऊन हसत. मिशनच्या आवारात राहणाऱ्या बाई आणि पेठेतले मुनीमजी कधी समोरासमोर आले नव्हते, आणि दोघांनाही त्याची गरज वाटत नव्हती. कॉल लागेपर्यंत ते बाईंना सुनेचं माहेरपण, गुडघ्याचं दुखणं असं सगळं सांगत. बाई मधेच दुसऱ्या चार लाइनी जोडून परत त्यांच्या गुडघ्यापाशी येत.

दुष्काळाच्या साली बोर्डाला उसंत नव्हती. चारा कुठं अडकला, धान्याची गाडी कुठं पोचली, असे दिवसभर सरकारी कॉल. त्यातच बाईंच्या नाकाखाली, वरच्या ओठाच्या आत सूज दिसायला लागली. लवंगेच्या तेलाचा बोळा धरून त्या बोर्डावर बसत. डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणत, "लाइन मोकळी होऊ दे, मग बघू." लाइन मोकळी झाली तेव्हा आत गाठ निघाली आणि तिनं वरच्या जबड्याचं हाड खाल्लेलं होतं. पुण्याला नेऊन गाठ काढली. तिच्याबरोबर पुढचे दात गेले आणि दातांच्या वरचं हाडही.

कवळी बसवून बाई कामावर आल्या. "नंबर?" म्हणायला तोंड उघडलं आणि कवळी सुटून समोरच्या फळीवर पडली. कोणी हसलं नाही. बाईंनी ती पदराला पुसली, तोंडात घातली आणि कॉल जोडला. पुढं त्या ती जिभेनं वर दाबून धरायला शिकल्या. पण तसं धरून बोलायचं तर शब्दांचा लगदा होई. "जीभ एकच आहे गं," त्या मला म्हणाल्या, "ती कवळी धरील की बोलेल?"

बोलणं न कळून चुकीच्या जोडण्या होऊ लागल्या. सुपरवायझर भले माणूस होते. त्यांनी बाईंना बिलांच्या टेबलावर बसायला सुचवलं. तिथं बोलावं लागत नाही, पगार तोच. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि रजेचा अर्ज दिला. त्यांना बोर्ड सोडायचा नव्हता. गावात त्यांचं जे काही होतं, ते त्या बोर्डावरच होतं.

पुण्याला मी त्यांच्याबरोबर गेले. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडासमोर धरून दाखवला. "कवळीला टेकायला हाड लागतं. तुमचा जबडा पुढून उरलेलाच नाही."

"पक्के दात नाही का बसवता येत?" मी विचारलं.

"परदेशात हाडातच धातूचा खिळा रोवून त्यावर दात बसवायला लागलेत. पण त्यालाही आधी हाड हवं. भिंतच नाही, तर खुंटी कुठं ठोकणार?" मग ते बाईंकडे वळले. "कमरेच्या हाडाचा तुकडा काढू. तो इथं तारेनं बांधून जबडा पुन्हा उभा करू. हाड धरलं की त्यावर कवळी. खिळ्यांचं पुढं कधी आपल्याकडे आलं तर बघू. वरचा ओठ मात्र बधिर राहील."

बाईंनी एकच विचारलं, "बोलता येईल?"

"शब्द नीट येतील," डॉक्टर म्हणाले.

एसटीत परत येताना बाई खिडकीबाहेर बघत होत्या. नारायणगाव गेल्यावर म्हणाल्या, "शब्द येतील म्हणाले ना? मग झालं तर."

ऑपरेशननंतर कित्येक आठवडे त्या पातळ पेजेवर होत्या, बोलायची बंदी. मी भेटायला गेले की बोटांनी आकडे दाखवून बोर्डाची चौकशी करत. निपाणीचा नंबर त्या बोटांनी दाखवीत आणि भुवया उंचावत. मी म्हणे, "हो, रोज लावते. अर्जंटच असतं." त्या डोळ्यांनी हसत. ओठ हलत नसे.

हाड धरलं. नवी कवळी घट्ट बसली. बाई जरा लंगडत पुन्हा बोर्डावर आल्या, हेडफोन चढवला आणि "नंबर?" म्हणाल्या. प्रत्येक अक्षर स्वच्छ होतं. आवाज मात्र त्यांचा नव्हता. तो जाड झाला होता आणि नाकातून येत होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "स्पष्ट येतंय." त्यांनी मान हलवली. मला वाईट वाटायला हवं होतं, पण झडप पडली आणि मी माझ्या लाइनीवर गेले. तेव्हापासून जी बधिरता माझ्यात शिरली, ती नीटशी गेलीच नाही.

थोड्याच वेळात मुनीमजींची झडप पडली. बाईंनी ती लाइन घेतली. एव्हाना मीही सवयीनं त्या लाइनीत कान घातला होता.

"नव्या आला का बाई?" मुनीमजींनी विचारलं. "आन् आमच्या त्या पहिल्या बाई? लई दिवस झालं, आवाज न्हाई."

बाईंचा हात दोरीवर होता. तो तसाच राहिला. मग त्या म्हणाल्या, "त्यांची बदली झाली."

"कुठं?"

"लांब."

"जाताना सांगून तरी जायचं. गुनी बाई हुती. भेटल्या तर माजा नमस्कार सांगा."

"सांगते," बाई म्हणाल्या आणि निपाणी लावून दिली.

दिवसभर दुकानदार, वकील, शाळेचे हेडमास्तर, सगळ्यांनी तेच विचारलं आणि सगळ्यांना तेच उत्तर मिळालं. पुढं तर लोक तुलना करू लागले. "तुमचं काम चोख हाय, पर त्या बाईंची सर न्हाई." सुपरवायझर म्हणाले, "मी सांगतो लोकांना खरं काय ते." बाईंनी त्यांना थांबवलं. "त्यांना ती बाई आवडत होती, साहेब. तिला राहू द्या तशीच." माझी बाईंवर फार माया होती. त्या दिवशी घरी जाऊन मी भाकरी थापल्या, जेवले आणि झोपले.

वर्षभरानं बाईंनी शेवगावची बदली मागून घेतली. तिथं त्यांना आधी कोणी ऐकलेलं नव्हतं. निरोपाला आम्ही पेढे आणले. खाताना साखरेचा कण वरच्या ओठाला चिकटून राहिला, त्यांना ते कळलं नाही. मी रुमालानं पुसला. "एकदा खोटं बोलले होते," त्या म्हणाल्या, "आता ते खोटं राहिलं नाही."

त्यानंतर शेवगावची लाइन लागली की आम्ही दोन वाक्यं बोलत असू. गाठ परत आली आहे, या वेळी डोळ्याखाली, हे त्या एकदाही बोलल्या नाहीत. एका सकाळी शेवगावहून दुसरीच कोणी बोलली आणि तिनं सांगितलं, की बाई काल गेल्या.

मी हेडफोन काढला नाही. पुढची झडप मुनीमजींची होती. कोणाला तरी सांगायला हवं होतं, म्हणून मी त्यांना सांगितलं, "मुनीमजी, आपल्या नंबरबाई वारल्या."

ते म्हणाले, "कोनत्या? पहिल्या का नंतरच्या?"

"दोघीही," मी म्हटलं.

"एकदमच?"

"हो."

"अरेरे," मुनीमजी म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "पहिल्या बाईंना माजा नमस्कार पोचला हुता का वो?"

मी म्हटलं, "त्याच दिवशी पोचला होता." आणि निपाणी लावून दिली.