राखणदाराला कबूल केलेला कोंबडा

रत्नागिरीला सासरी आले, त्याच वर्षी सहा कोंबड्या आणि एक कोंबडा पाळला, आणि माझं बूड एका जागी ठरेना. मुंगसाच्या भीतीने खुराड्याभोवती चिरे रचले, पण घारीचं काय करणार? साधा कावळा उडाला तरी मी चुलीवरचा भात टाकून, पळी घेऊन, ओरडत परसात. कोंबडा मात्र घार दिसली तरच घशातून एक आवाज काढी, की सगळ्या कोंबड्या करवंदीच्या जाळीत.

"किती नाचशील? राखणदाराला गाऱ्हाणं घालू," सासूबाई म्हणाल्या. वेशीवरच्या त्या देवाला आम्ही कबूल केलं: वर्षभर कोंबड्या सांभाळ, तुला कोंबडा देऊ.

वर्षभरात एकही कोंबडी गेली नाही. बोलल्याप्रमाणे कोंबडा दिला. मान देवाला, रस्सा आम्हीच ओरपला.

दुसऱ्याच दिवशी भर सकाळी घारीची सावली अंगणावरून फिरली. कोंबड्या निवांत दाणे टिपत होत्या. मी घसा फोडून ओरडले, पण एकीनेही मान वर केली नाही. माझ्या ओरडण्याची त्यांना वर्षभराची सवय होती.