काय पाहिलं, काय प्यायलं, काय केलं

आमच्या घरी दर शुक्रवारी सकाळी हजेरी व्हायची. बाबा खोर फक्कानच्या बंदरावर कंटेनर तपासायच्या कामाला होते. आठवडाभर कंपनीच्या खोलीत राहायचे आणि गुरुवारी संध्याकाळी डोंगर ओलांडून शारजाला, रोल्लातल्या आमच्या घरी यायचे. शुक्रवारी सुट्टी. उशिरा उठायचं, चहाचा कप पुढ्यात घ्यायचा आणि आईला आणि मला तीन प्रश्न विचारायचे, हा त्यांचा नेम. या आठवड्यात सगळ्यात आवडलेलं काय पाहिलं, काय प्यायलं, काय केलं?

काय खाल्लं, हे मात्र ते विचारत नसत. ‘ते तुमच्या तोंडाकडे बघून कळतं,’ म्हणायचे.

मी शारजाच्या शाळेत वाढलेली. उत्तर इंग्रजीतच सुरू व्हायचं. “आय लाइक्ड द कार्टून...” एवढं म्हटलं की बाबा हात वर करायचे. “मराठीत. इंग्रजीत आवडलेलं आपल्याकडे धरत नाहीत.” मग मी अडखळत सांगायची. आई कांदा चिरता चिरता म्हणायची, “मी काय पाहणार? चार भिंती. आणि पिण्याचं म्हणाल तर तुमच्या लेकीने माझं रक्त प्यायलं.” बाबा गंभीरपणे मान हलवायचे, जणू हेही उत्तर त्यांनी लिहून घेतलं.

स्वतःचं ते शेवटी सांगायचे. त्यांचं प्यायलेलं कायम एकच असायचं, अवोकाडोचा ज्यूस, आणि तो आमच्याशिवाय ते कधी पीत नसत. हजेरी संपली की आम्ही जुन्या गाडीतून रोल्लाच्या मागच्या गल्लीतल्या कॅफेटेरियासमोर जाऊन थांबायचो. खाली उतरायचं नाही, नुसता हॉर्न द्यायचा. आतला केरळी माणूस खिडकीपाशी यायचा, न विचारताच तीन अवोकाडो ज्यूस आणायचा. हिरवागार, घट्ट, वर मधाची धार. स्ट्रॉने ओढताना गाल दुखायचे.

“पाच दिरहम एकाला! म्हणजे पन्नास रुपये झाले की,” आई दर वेळी तितक्याच धक्क्याने म्हणायची.

“यल्ला, चल, पी आधी. रुपये घरी जाऊन कर.”

मी सहावीत असताना कंपनीने घरभाडं देणं बंद केलं. बाबांनी पंधरा दिवस इकडेतिकडे खटपट केली, आणि एका शुक्रवारी हजेरी न घेताच म्हणाले, “खलास. तुम्हा दोघींना साताऱ्याला जावं लागेल.” गाडी विकली, टीव्ही विकला, आमचे व्हिसा रद्द झाले. निघायच्या आदल्या दिवशी आम्ही चालत त्या कॅफेटेरियात गेलो. गाडी नव्हती, म्हणून पहिल्यांदाच आत बसून प्यायलो. मला तो ज्यूस तेव्हा कडू लागला, आणि मी तो अर्धा टाकला.

साताऱ्याला काकांकडे राहायचं होतं. माणसं वाईट नव्हती, पण घर त्यांचं होतं, हे विसरायला कुणी सवड दिली नाही. टीव्हीचा रिमोट काकूंच्या मांडीवर. फ्रिज आपल्या हाताने उघडायचा नाही. शाळेत माझ्या मराठीची नक्कल व्हायची, आणि मी चिडून इंग्रजीत बोलले की आणखीच व्हायची. आईने एका पतसंस्थेत नोकरी धरली. संध्याकाळी ती दमून यायची आणि गुपचूप पोळ्या लाटायला उभी राहायची.

बाबांचा फोन शुक्रवारी यायचा. फोन बाहेरच्या खोलीत, सगळ्यांच्या मधोमध. बाबा कार्ड घालून बूथवरून बोलायचे आणि कार्ड संपलं की वाक्य मध्येच तुटायचं. तरी प्रश्न तेच. काय पाहिलं, काय प्यायलं, काय केलं?

आईने मला आधीच बजावून ठेवलं होतं. “फोनवर रडगाणं गायचं नाही. तिकडे एकटा जीव आहे.” मग मी बुधवारपासूनच आठवड्याची मजा जुळवायला लागायची. टीव्हीवर न पाहिलेला सिनेमा पाहायची. न प्यायलेला उसाचा रस प्यायची. आणि करायची तर काय काय करायची! “काल दिवसभर आम्ही अजिंक्यताऱ्यावर होतो बाबा. डबे घेऊन. काकांनी पतंग उडवला.” काका समोर पेपर वाचत बसलेले असायचे. त्यांनी कधी मान वर केली नाही, एवढे उपकार मानायला हवेत.

“वा,” बाबा म्हणायचे. कधी कधी त्याआधी जरा थांबायचे. मला वाटायचं, लाइन खराब आहे.

मग त्यांची पाळी. ते एखाद्या सिनेमाची गोष्ट रंगवून सांगायचे. हिरो गावात येतो, जमीनदाराशी भांडण होतं, बहीण हरवते. “शेवट सांगणार नाही. तुम्ही पाहाल तेव्हा मजा जाईल.” प्यायलं काय? “आपलं नेहमीचं. रोल्लाला जाऊन आलो. त्याने विचारलं, बाकी दोन कुठे? म्हटलं, येतील, इन्शाल्ला.” केलं काय? समुद्रावर फिरलो. मी रिसीव्हर कानाला दाबून ऐकायची. तो ज्यूस माझ्या जिभेवर यायचा आणि मला बाबांचा हेवा वाटायचा. इतका की रडू यायचं, पण त्या खोलीत रडायला जागा नव्हती.

आठवीच्या मे महिन्यात मला व्हिजिट व्हिसा मिळाला. आईला रजा मिळाली नाही. बाबांच्या खोलीत चार पुरुष, तिथे मुलीला कुठे ठेवणार? म्हणून अजमानला राहणाऱ्या, मूळच्या रत्नागिरीच्या एका कुटुंबाकडे माझी सोय केली. बाबांनी आठवड्याची रजा घेतली. तिथल्या चाचींनी मला दारातच जवळ घेतलं आणि म्हणाल्या, “किती सुकलीस गं! तुझे बाबा तर सांगत होते, तिकडे ऐश चालली आहे.”

मी पोचले तो शुक्रवार होता. मी बॅगसुद्धा उघडली नाही. म्हटलं, “बाबा, ज्यूस.”

“आज बंद असेल. जुम्मा आहे.”

“शुक्रवारीच तर जाता ना तुम्ही?”

“इथेच पिऊ की. अजमानला कमी दुकानं आहेत का?”

मला तोच हवा होता. मी हट्टाला पेटले की आईवर जाते. शेवटी आम्ही टॅक्सीने रोल्लाला गेलो आणि मागच्या गल्लीत वळलो. कॅफेटेरिया नव्हता. ती इमारतच नव्हती. पत्रे ठोकलेले, आत मोठा खड्डा आणि खड्ड्यात पाणी साचून त्यावर शेवाळ आलेलं. ते काल-परवाचं नव्हतं, हे मलाही कळलं.

“कधी पाडलं?”

बाबा पत्र्याकडे बघत होते. “तुम्ही गेलात, त्यानंतर लगेचच.”

“आणि सिनेमे? टीव्ही तर आपण विकला होता ना?” हे मी इंग्रजीत विचारलं. त्यांनी या वेळी हात वर केला नाही.

“व्हिडिओच्या दुकानात जायचो. कॅसेटच्या खोक्यामागे गोष्ट छापलेली असते ना, ती वाचायचो. शेवट मात्र छापत नाहीत.”

मी भर रस्त्यात रडायला लागले. बाबांनी माझं डोकं खांद्यावर घेतलं आणि हळूच म्हणाले, “आता तू सांग. साताऱ्याच्या शाळांना गुरुवारी सुट्टी कधीपासून द्यायला लागले?”

मला आधी कळेना. मग लख्ख कळलं. मी प्रत्येक मजा ‘काल’ करायची, आणि फोन शुक्रवारी. शारजाच्या शाळेला गुरुवार-शुक्रवार सुट्टी असायची. मजा म्हटलं की माझ्या डोक्यात गुरुवार. साताऱ्यात रविवारची सुट्टी भोगूनही खोटं बोलताना मी मजा कायम शारजाच्या सुट्टीत घालत होते.

“पहिल्याच फोनला कळलं मला,” बाबा म्हणाले. “म्हटलं, पोर एवढं जुळवून सांगते आहे, तर आपणही काहीतरी चांगलं सांगावं.”

तो आठवडा मात्र खरा होता. चाचींच्या व्हीसीआरवर आम्ही एक रटाळ सिनेमा शेवटापर्यंत पाहिला, आणि शेवट आल्यावर बाबा एवढे खूष झाले की चाचींना वाटलं त्यांना सिनेमा आवडला. एकदा सकाळच्या टॅक्सीने खोर फक्कानला गेलो. किनाऱ्यावर बसून कागदी कपातला सुलेमानी प्यायलो, काळा चहा, पुदिना घातलेला. समुद्रावरचं फिरणं तेवढं खरं होतं, बाबा म्हणाले, त्याला पैसे लागत नाहीत. लांब त्यांच्या बंदरातल्या क्रेन दिसत होत्या. मी विचारलं, “शुक्रवारी मग तुम्ही नक्की काय करता?”

“कपडे धुतो. मग बूथच्या रांगेत उभा राहतो. रांग फार मोठी असते गं, सगळ्यांनाच घरी फोन करायचा असतो.”

मी त्यांना सांगितलं नाही की मला साताऱ्याला परत जायचं नाही. त्यांनी मला सांगितलं नाही की जाऊ नकोस. दोघांनाही दुसऱ्याचं माहीत होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. विमानतळावर ते काचेपलीकडे हात हलवत राहिले, मी दिसेनाशी होईपर्यंत, आणि बहुधा त्यानंतरही.

पुढच्या शुक्रवारी फोन वाजला. आई पोळीचे हात पुसत दाराशी उभी. काकू टीव्हीचा आवाज कमी करून बसलेल्या. काका पेपरमागे. या वेळी मी बाबांना विचारू दिलं नाही.

“बाबा, आधी तुम्ही. काय पाहिलं?”

पलीकडे रांगेतल्या माणसांचा गलका ऐकू येत होता.

“तुझी चप्पल राहिली चाचींकडे,” ते म्हणाले. “ती पाहिली.”

“काय प्यायलं?”

“पाणी.”

“आणि केलं काय?”

“काही करवलं नाही गं.”

सगळे माझ्याकडे बघत होते. बाबांनी नेहमीच्या आवाजात विचारलं, “आणि तू? तुझं काय?”

अजिंक्यतारा, पतंग, उसाचा रस, सगळं तयार होतं.

“सेम, बाबा,” मी म्हटलं.

त्यांनी मला मराठीत सांग म्हटलं नाही.