पिकअपला भोंगा बसवला तेव्हा

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी पुढे ढकलता येत नाही. चार दिवस चुकले तर पुढचं सगळं चुकतं. आमच्या दिंडोरीकडे त्या कामाला बाया येतात त्या पेठच्या डोंगरातून, आणि त्यांना रोज आणायला-सोडायला आम्ही ड्रायव्हर ठेवायचो. त्या वर्षी ऐन छाटणीत ड्रायव्हर दुसऱ्याकडे निघून गेला. माझा नवरा ओझरच्या कारखान्यात स्टोअरला. त्याची सकाळची पाळी. पिकअप दारात उभी होती. शेतातून घरी आणि घरातून बाजारात इतपत मी ती चालवत होते, लायसनही होतं. म्हटलं, मी जाते.

मागे आठ बाया उभ्या आणि पुढे माझ्याशेजारी त्यांची मुकादमीण. पन्नाशीची, सडपातळ, कमी बोलणारी. कोणती बाई कोणत्या ओळीत, कोणाची कात्री बोथट झाली, सगळं तिच्या ध्यानात असायचं. मालवाहू गाडीत माणसं भरू नयेत हे मला माहीत होतं. आमच्याकडे सगळेच भरतात, म्हणून मीही भरली.

पाचव्या दिवशी घाटात धुकं होतं. एका आंधळ्या वळणावर मी हॉर्न दाबला. वाजला नाही. पुन्हा दाबला तर आत कुठेतरी नुसती किरकिर झाली. तोवर समोरून खडीचा डंपर अख्खं वळण व्यापून आला. मी स्टिअरिंग डोंगराच्या बाजूला फिरवलं आणि गाडीचं चाक रस्त्याकडेच्या चारीत गेलं. मागच्या बाया एकमेकींवर पडल्या. खरचटलं, पण निभावलं. मुकादमिणीने डॅशबोर्डला हात टेकवून स्वतःला सावरलं होतं. तो हात मनगटात मोडला.

डंपरवाला खाली उतरून आला. ओरडला वगैरे नाही. "ताई, हॉर्न तरी मारायचा ना," एवढंच म्हणाला. मी त्याच्यासमोर हॉर्न दाबून दाखवला. काहीच आवाज आला नाही. त्याने मान हलवली आणि चाक बाहेर काढायला हात लावला.

दवाखान्यात मुकादमिणीच्या हाताला प्लास्टर घातलं. संध्याकाळी मी तिला पाड्यावर सोडायला गेले ती दुसऱ्याची जीप घेऊन. ओट्यावर बसून तिने मला कोरा चहा दिला, डाव्या हाताने.

"तुझ्यावर राग नाय माझा," ती म्हणाली. "पण ती गाडी मुकी हाय. मुक्या गाडीत मी माझ्या बाया बसवायची नाय."

"उद्या हॉर्न दुरुस्त करते."

"कर. मी ऐकीन, मग सांगीन."

घरी नवरा म्हणाला, "रविवारी सुट्टी आहे, मी बघतो." रविवार चार दिवसांवर होता. अर्धी बाग छाटायची राहिली होती. पण खरं सांगायचं तर बागेपेक्षा मला ते प्लास्टर दिसत होतं. गाडी मी चालवत होते. निघताना हॉर्न वाजतो का, हे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

सकाळी गावातल्या इलेक्ट्रिशियनकडे गेले. तो म्हणाला, "वहिनी, गाडी ठेवून जा, परवा बघतो. आणि दादांना पाठवा, काय बसवायचं ते त्यांच्याशी बोलतो." मी वाद घातला नाही. गाडी वळवली आणि नाशिकला द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत नेली. तिथे गाड्यांच्या वायरिंगची दुकानं ओळीने आहेत. एका दुकानात म्हातारे चाचा स्टुलावर बसून अल्टरनेटर उघडत होते. गर्दी नव्हती म्हणून तिथेच थांबले.

"मला मोठा भोंगा हवाय," मी म्हटलं. "ट्रकला असतो तसा. हवेचा."

चाचांनी वर पाहिलं. "जुन्याला काय झालं?"

"वाजत नाही."

"का वाजत नाही?"

"ते तुम्ही बघा."

"मी बघितलं तर मला कळेल. गाडी तुम्ही चालवता ना?" त्यांनी बल्बला दोन वायरी जोडलेला टेस्ट लॅम्प माझ्या हातात दिला. "एक टोक बॅटरीच्या प्लसला लावा. दुसरं हॉर्न जिथे बॉडीला कसलाय तिथे."

लावलं. बल्ब जेमतेम लालसर झाला.

"अर्थिंग गेलं," चाचा म्हणाले. "पावसाळ्यात गंज चढला. आता यावर तुम्ही विमानाचा भोंगा लावा, मुकाच राहणार. आधी हे घासा."

त्यांनी पॉलिश पेपर दिला. मी बोनेटमध्ये वाकून तो बोल्ट काढला, खालचा पत्रा पांढरा होईपर्यंत घासला, पुन्हा कसला. बल्ब लख्ख पेटला. हॉर्न दाबला तर वाजला, पण म्हाताऱ्या माणसाच्या खोकल्यासारखा.

"घाटात एवढ्यावर नाही भागणार चाचा," मी म्हटलं, आणि काय घडलं ते त्यांना सांगितलं. मनगटाचं सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं.

मग त्यांनी एक छोटा कंप्रेसर आणि दोन लाल भोंगे काढले. "एक बात पहले. याला बंदी आहे. शहरात वाजवलात तर पोलीस पावती करणार, आणि बरोबर करणार. गाणी वाजवणारा, किंचाळणारा मी विकतच नाही. हा एका सुराचा आहे. तरी बंदी ती बंदीच."

"घाटाशिवाय वाजवणार नाही."

"सगळे हेच म्हणतात," ते म्हणाले. पण मग एक खोका पालथा घालून त्यावर त्यांनी खडूने चित्र काढलं. कंप्रेसर करंट जास्त ओढतो. तो स्टिअरिंगच्या बटणातून ओढला तर बटण जळतं. म्हणून मध्ये रिले. बटणाची बारीक वायर फक्त रिलेला जागं करते. खरा करंट बॅटरीपासून जाड वायरीने येतो, आणि बॅटरीजवळच फ्यूज. डॅशबोर्डवर एक स्विच: एकीकडे साधा हॉर्न, दुसरीकडे भोंगा. मी त्यांच्याकडून चित्र दोनदा काढून घेतलं. तिसऱ्यांदा मीच काढलं. त्यांनी एक रेघ पुसून दुसरीकडे ओढली.

"बसवून देऊ का?" त्यांनी विचारलं.

"नाही. घाटात बंद पडला तर तुम्ही कुठे येणार?"

ते हसले. वायरींची टोकं दाबून बसवायची क्रिम्पिंगची पक्कड त्यांनी उसनी दिली.

घरी अंगणात गाडी लावून दुपारी कामाला बसले. कंप्रेसर उभाच बसवायचा, भोंग्यांची तोंडं खाली करायची म्हणजे पाणी साचत नाही, हे चाचांनी बजावलं होतं. पत्र्याला भोक पाडताना ड्रिल दोनदा घसरलं. वायरी जोडल्या, स्विच टाकला, बटण दाबलं. फ्यूज उडाला.

दुसरा टाकला. तोही उडाला.

नवरा पाळीवरून आला होता. हातपाय धुऊन तो शेजारी येऊन उभा राहिला. "राहू दे आता. उद्या कोणाला तरी दाखवू."

"तुम्ही फक्त टेस्ट लॅम्प धरा," मी म्हटलं.

त्याने धरला. मी बॅटरीपासून जाड वायर बोटाने चाचपत निघाले. एकेक वीत. जिथे ती पत्र्याच्या भोकातून आत जात होती तिथे कड धारदार होती, आणि वायर ओढताना तिचं कातडं सोललं गेलं होतं. उघडी तार पत्र्याला चिकटली होती. मी तेवढा तुकडा कापला, नवा जोडला, भोकात रबराची चकती बसवली आणि वायरीवर प्लास्टिकची नळी चढवली. लॅम्प धरलेला हात नवऱ्याने मी सांगेपर्यंत खाली घेतला नाही.

तिसरा फ्यूज टिकला. कंप्रेसर घरघरला आणि भोंगे वाजले. शेजारची म्हैस दावं तोडून उसात घुसली. तिला पकडायला आम्ही दोघं धावलो, आणि धावता धावता तो इतका हसायला लागला की म्हैस मलाच धरावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिकामी गाडी घेऊन पाड्यावर गेले. मुकादमीण गळ्यात हात बांधून तयारच होती. तिने गाडीकडे पाहिलंही नाही. म्हणाली, "मी वळणाच्या पलीकडं जाऊन उभी राहते. तू अलीकडून ये." ती चालत गेली. मी सांगितल्याप्रमाणे थांबले, मग निघाले आणि वळणाआधी भोंगा दाबला. पलीकडे पोचले तर ती रस्ता सोडून बांधावर चढलेली.

"ऐकू आलं?"

"लय आधी. पण तू मघाशी जोरात आलीस. भोंगा हाय म्हणून जोरात यायचं नाय."

त्या दिवशी बाया आल्या, आणि ती स्वतःही. एका हाताने ती कात्री चालवू शकत नव्हती. ओळीतून फिरत नुसती सांगत राहिली. बाग दोन दिवस उशिरा, पण पुरी झाली.

पुढे जानेवारीत क्रेट आणायला द्वारकेला गेले होते. सिग्नलला एक रिक्षा आडवी आली. मी बटण दाबलं, पण स्विच चुकून भोंग्याच्या बाजूला राहिला होता. सगळा चौक माझ्याकडे वळला. हवालदाराने गाडी बाजूला घेतली, बोनेट उघडायला लावलं.

"कोणी बसवला?"

"मी."

त्याने वाकून बराच वेळ पाहिलं. "वायरिंग नीट आहे," म्हणाला आणि पावती फाडली. "भोंगा काढा, ताई."

मी कारणं सांगितली नाहीत. त्याच दुपारी गाडी चाचांच्या दुकानासमोर लावून भोंगे आणि कंप्रेसर उतरवला, आणि त्याच वायरींवर, त्याच रिलेवर दोन दणकट साधे हॉर्न जोडले. रिले आणि जाड वायर असल्याने त्यांना करंट भरपूर मिळत होता. आवाज चांगला खणखणीत होता. चाचांनी स्टुलावरून उठून ऐकला आणि मला विचारलं, जवळच्या गॅरेजमध्ये एका ट्रॅक्टरचं वायरिंग अडकलंय, बघायला दोन तास आहेत का?

क्रेट आणून ठेवायचे होते. तरी मी "आहेत" म्हटलं.