साठ घरांची मूठ

माझी माय दर मंगळवारी आणि शनिवारी पत्र्याचा डबा घेऊन आमच्या वस्तीतून फिरायची. रॉकेलचा जुना डबा होता तो. राखेनं घासून घासून तिनं त्याचा वास घालवला होता. वस्तीत साठेक घरं होती. प्रत्येक घरातून एक मूठ जवारी त्या डब्यात पडायची आणि डब्यातून आमच्या कोपऱ्यातल्या रांजणात. रांजण भरला की जवारी पोत्यात घालून मोटारीच्या टपावर चढवायची आणि अकोल्याला न्यायची. तिथं आमच्या समाजातल्या काही मंडळींनी खेड्यातल्या मुलींसाठी बोर्डिंग काढलं होतं. त्या मुली ही जवारी खाऊन शिकत होत्या.

हे काम तिला कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही बुद्धाचा धम्म घेतला, त्याच्या पुढच्याच वर्षी अकोल्याहून एक गृहस्थ आमच्या गावी आले. तेल्हाऱ्याच्या अलीकडे आमचं गाव. सभेत ते म्हणाले की धान्य नाही, बोर्डिंग बंद पडायची वेळ आली आहे. पुरुषांनी माना हलवल्या. हळहळायला आमच्या गावात कधीच कोणी कमी पडलं नाही. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं मायचा आवाज आला, "एका पोरीले दिवसाले किती जवारी लागते?" त्या गृहस्थांना ते नीट सांगता येईना. माय म्हणाली, "बरं, मंग मीच पाहतो." सभा संपली आणि मायचं काम सुरू झालं. ते पुढं अकरा-बारा वर्षं चाललं.

तिचे काही नियम होते. डबा हातात धरून कोणापुढं करायचा नाही. तो उंबऱ्याबाहेर जमिनीवर ठेवायचा आणि आपण दोन पावलं मागं सरून उभं राहायचं. हाक मारायची नाही. घरातल्या बाईनं आपण होऊन यावं आणि मूठ टाकावी. नाही आली तर डबा उचलून पुढं जायचं, मनात काही ठेवायचं नाही. शिजवलेलं अन्न घ्यायचं नाही. दळायला घेण्याआधी काढलेली मूठच घ्यायची, दळून उरलेली नाही. लहानपणी मला हे सगळं तिचं सोंग वाटायचं. चार दाणे तर न्यायचे, त्याला एवढा थाट कशाला?

हा थाट कशासाठी होता ते वस्तीतल्या एका म्हाताऱ्यामुळं मला कळलं. आमच्या मागच्या पिढ्यांनी गावाची पडेल ती कामं केली आणि त्याच्या बदल्यात दारोदार जाऊन भाकर मागितली. पद्धतच होती ती. मायची माय टोपलं घेऊन जायची आणि सहा-सात वर्षांची माय तिच्या लुगड्याचा सोगा धरून मागं मागं. कोणी शिळी भाकर टाकायचं, कोणी आमटी वरून ओतायचं. धम्म घेतल्यावर वस्तीनं ती टोपली चुलीत घातली. म्हणून मायचा डबा पाहून तो म्हातारा आपल्या ओट्यावरून म्हणाला, "काहून वं, पुन्हा मागाले लागली का? याच्यासाठी धम्म घेतला का आपण?"

माय थांबली. मी तिच्या शेजारी होते. तिच्या मानेवरची शीर उडताना मला दिसली.

"मी मागून नाही राहिली, मामा," ती म्हणाली. "लोकायनं ठेवलेलं नेऊन राहिली."

 पुढच्या शनिवारी त्या म्हाताऱ्याच्याच सुनेनं पहिली मूठ टाकली. मायचं ते वाक्य वस्तीत पुष्कळ दिवस फिरलं. मलाही त्याचा अभिमान होता. ते वाक्य तिनं इतक्या ठामपणे म्हटलं होतं की तिचा त्यावर विश्वास नसेल असं माझ्या मनातही आलं नाही.

एकदा ती मला अकोल्याला घेऊन गेली. मी तेव्हा सहावीत. बोर्डिंग म्हणजे कौलारू दोन खोल्या, मागं चूल आणि विहीर. मुली रांगेत जेवायला बसल्या होत्या. ताटात वरण आणि भाकर. पण भाकर धड नव्हती. साठ घरांची जवारी, कोणाची नवी, कोणाची दोन वर्षांची, एक पांढरी तर एक पिवळसर. पिठाचा चिकटपणा, ज्याला आपण विरी म्हणतो, तो राहत नसे. भाकर तव्यावरच चिरायची आणि ताटात तुकडे पडायचे. मुली हसत म्हणत होत्या, आमची भाकर चमच्यानं खावी लागते. मला मात्र ते सारं फार सुंदर वाटलं. पंधरा मुली, प्रत्येकीच्या मागं दप्तर, आणि कोणीही त्यांना पाणी भरायला उठवत नव्हतं.

एका मुलीनं सरकून मला जागा केली. मी बसणार तेवढ्यात मायनं माझं मनगट धरलं. "आपली शिदोरी हाय," ती म्हणाली. आम्ही दोघींनी बाहेरच्या ओट्यावर बसून घरची भाकर आणि ठेचा खाल्ला. बोर्डिंग सांभाळणाऱ्या बाई दोनदा बोलवायला आल्या. माय हसून नाही म्हणाली. येताना मोटारीत मी तिच्याशी बोलले नाही. तिनं खिडकीतून बोट करून मला पूर्णेचं पाणी दाखवलं, तरी मी पाहिलं नाही. मला राग लवकर येतो आणि जात मुळीच नाही. हे मी तिच्याकडूनच घेतलं.

सातवीच्या परीक्षेत मी शाळेत पहिली आले. आमच्या गावात शाळा तिथंच संपायची. मला डॉक्टरीण व्हायचं होतं. डॉक्टरीण मी फक्त एकदाच पाहिली होती, तीही लांबून, पण ठरलं ते ठरलं. बोर्डिंगमध्ये त्या साली आमच्या गावासाठी एक जागा होती. तिथले व्यवस्थापक घरी आले, बाजेवर बसले आणि मायला म्हणाले, "तुम्ही सांगाल ती मुलगी घेऊ." मी पाण्याचा गडवा घेऊन दारात उभी होते. माझ्या पायात त्या दिवशी नवी चप्पल होती. मीच हट्टानं घालून बसले होते, जशी काही त्याच मोटारीनं जायचं होतं.

मायनं शेजारणीच्या मुलीचं नाव सांगितलं. ती शेजारीण विधवा होती आणि तिची मुलगी माझ्या वर्गात दुसरी आली होती. माझी जिवाभावाची मैत्रीण होती ती.

व्यवस्थापकांनी माझ्याकडं पाहिलं. बाबांनी खाली पाहिलं. बाबा तेल्हाऱ्याच्या जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, हमाल होते. दुसरीकडं कुठं ठेवून मला शिकवण्याची आमची ऐपत नव्हती, हे त्या खोलीत सगळ्यांनाच माहीत होतं. व्यवस्थापक गेल्यावर मी गडवा आपटला.

"लोक काय म्हणतीन?" माय म्हणाली. "पोरीसाठीच फिरत होती म्हणतीन. मंग उद्या कोण मूठ देईन?"

"तू साऱ्या पोरीयची माय झाली," मी म्हणाले. "माही तेवढी नाही झाली."

मी तेरा वर्षांची होते. तेरा वर्षांच्या पोरीला काय कळतं, असं म्हणून मला अनेकांनी समजावलं. पण मला नेमकं कळत होतं. हे वाक्य तिला कुठं लागेल ते पाहूनच मी ते बोलले होते.  मायनं गडव्याचा पोचा अंगठ्यानं दाबून पाहिला आणि तो फडताळात ठेवला.

मैत्रीण अकोल्याला गेली. मी जिनात गेले. बायकांच्या रांगेत बसून कापसातला पाला-कचरा वेचायचा. तो कापूस अंगाला, नाकाला, केसांना चिकटतो. वस्तीतल्या बायका म्हणायच्या, दिव्याखाली अंधार हाय हा. मी ऐकून घ्यायची, कारण मलाही तेच वाटत होतं. संध्याकाळी मी घरी आले की माय मला पुढ्यात बसवायची आणि माझ्या केसांतून कापसाचा एकेक तंतू काढायची. अर्धा अर्धा तास. तोंडानं एक शब्द नाही. मीही बोलत नसे. तिची बोटं टाळूवर फिरायची तेव्हा मला झोप यायची, आणि झोप आली याचाही मला राग यायचा. असं चार हंगाम चाललं. आज मला वाटतं, ती मला काहीतरी सांगत होती. मी पाठ करून बसले होते, म्हणून मला तिचं तोंड दिसलं नाही.

पुढं सातवी पासच्या जोरावर अमरावतीला मास्तरणीच्या ट्रेनिंगला मला जागा मिळाली. थोडा सरकारी भत्ता होता, त्यात भागायचं. मग तिवस्याला शाळेत लागले. मुलं मला आवडायची, फळ्यावर माझं अक्षरही छान यायचं. पण गावात डॉक्टरीण आली की मी शाळेची खिडकी लावून घ्यायची. दिवाळीला घरी जायची, मायला लुगडं न्यायची, ती ते घडी मोडून नेसायची. आम्ही पाऊसपाण्याचं बोलायचो. मैत्रीण मॅट्रिक होऊन अकोल्याला नर्स झाली होती. तिचा विषय निघाला की मी चहा करायला उठायची. आणि मंगळवारी माय डबा घेऊन बाहेर पडली की मी पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायची.

तार आली तेव्हा मी वर्गात होते. माय बरी नाही हेही मला नीट माहीत नव्हतं. पोटात दुखतं असं बाबांनी पत्रात लिहिलं होतं. मी ते पत्र दोन दिवस पर्समध्ये ठेवलं आणि उत्तर रविवारी लिहू असं ठरवलं. तिवस्याहून अमरावती, अमरावतीहून अकोला, अकोल्याहून गाव. तीन गाड्या बदलून पोचले तेव्हा पुरुष नदीवर आंघोळ करून परत येत होते. मला तिचं तोंड पाहायला मिळालं नाही. अंगणात ती डबा ठेवायची त्या जागी पाणी शिंपडलेलं होतं. मी तिथंच बसले. रडू आलं नाही. फार वर्षं रागावलेल्या माणसाला रडू लगेच येत नाही.

मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे भाकर आणतात, आणि घरच्यांना तो कडू घास खावाच लागतो. ऊन उतरायला लागल्यावर शेजारच्या घरातून माझी मैत्रीण टोपली घेऊन आली. शेवटचे आठ दिवस रजा काढून मायजवळ तीच बसली होती, हे मला बाबांकडून नुकतंच कळलं होतं. तिनं पानं मांडली. पिठलं वाढलं, भाकरी वाढल्या. बाबांनी भाकर उचलली तर तिचे चार तुकडे झाले.

मी भाकरीकडं पाहिलं. पांढरट, मधेच पिवळसर, कडेनं चिरलेली. मी वळून कोपऱ्यात पाहिलं. रांजणावरचं फडकं बाजूला होतं आणि रांजण रिकामा होता.

"ही बोर्डिंगची जवारी व्हय," मी म्हणाले.

"हो. सकाळी मीच नेली, मीच दळली."

"तिनं आमाले कधी एक दाणा घेऊ दिला नाही."

"माहीत हाय मले," मैत्रीण म्हणाली. ती माझ्यासमोर खाली बसली. इतक्या वर्षांत आम्ही एवढ्या जवळ बसलो नव्हतो. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "परवा मी तिले इचारलं. म्हटलं, मावशी, तवा तुह्या पोरीले काहून नाही धाडलं? लोक काय म्हणतीन म्हणून का? तर नाही म्हणे. लोकायचं तर मी तोंडानं म्हटलं. म्हणे, माह्या मायनं दारोदार फिरून आणलेलं मी खाल्लं. मी दारोदार फिरून आणलेलं माह्या पोरीनं खावं, हे मले पाहवलं नसतं."

बाबा हातातले तुकडे तसेच धरून बसले होते.

"साऱ्या वस्तीले सांगत फिरली, मी मागून नाही राहिली म्हणून," मैत्रीण म्हणाली. "वस्तीले पटलं. मले पटलं. तिले एकटीले नाही पटलं कधी."

मला तो म्हातारा आठवला, मायच्या मानेवरची शीर आठवली. बोर्डिंगचा ओटा आठवला, माझं मनगट धरलेला तिचा हात आठवला. त्या हाताला घाम आला होता. ते मला तेव्हाच जाणवलं होतं, पण मी रागात होते, आणि रागात असलं की माझ्या लक्षात येऊनही काही उपयोग नसतो.

मैत्रिणीनं माझ्या पानातली भाकर माझ्याकडं सरकवली. "चार वर्सं मी तुह्या वाट्याचं खाल्लं," ती म्हणाली. "हे मागून आणलेलं नाही. लोकायनं ठेवलेलं हाय. तू खाय."

भाकर हातात धरवेना. तुकडे झाले, तुकड्यांचा चुरा झाला. मी तो चुरा बोटांनी गोळा केला आणि मूठ करून तोंडात घातला. घास गिळताना मला रडू आलं, आणि मग ते थांबेना. बाबा म्हणाले, हळू खा. मी हळू खाल्लं. पानावर एक कणही ठेवला नाही.